चहाची पेटी, लेखणीकाम आणि सुताराचा हात

आपल्या स्मरणिकेतून आजवर रथ, सभामंडप, वाड्यांचे खण आणि देवघरे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सुताराच्या हातची मोठी कामे सर्वांच्या दृष्टीस पडतात, त्यामुळे त्यांविषयी लिहिणाऱ्यासही उत्साह येतो. या वेळी आम्ही दीड वीत लांबीची एक वस्तू विषय म्हणून घेतली आहे. ती वस्तू म्हणजे चहाची पेटी. विषय वाचून काही ज्ञातिबंधूंस हसू येईल याची आम्हांस कल्पना आहे. मुळशी तालुक्यातील शाळामास्तराने विलायती चहाच्या पेटीवर लिहावे हे काहीसे विचित्र दिसतेच. तथापि ही पेटी मुळाशी कोणाच्या कलेची नक्कल होती, हे कळले म्हणजे ते हसू मावळेल, असा आमचा विश्वास आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. चहाची पेटी म्हटली की आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाण्याच्या दुकानातील खोके उभे राहते. पातळ प्लायवूडच्या फळ्या, कडांना ठोकलेली पत्र्याची पट्टी, आत चकचकीत कागदाचे अस्तर, आणि बाजूवर मळ्याचे नाव व वजन काळ्या शाईने छापलेले. रिकामी झालेली अशी खोकी वाणी विकत असे. बदलीच्या गावी भांडी न्यावयाची असोत, की गोधड्या ठेवावयाच्या असोत, खोक्यासारखी सोय नव्हती. आम्ही प्रथम ज्या शाळेत रुजू झालो तेथील संपूर्ण ग्रंथालय अशा दोन खोक्यांत मावत असे, आणि श्यामची आई वाचावयास काढली तरी पुस्तकास चहाचा वास येई. असो. आमचा विषय हे खोके नव्हे. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधी, चहा ही चैनीची वस्तू होती त्या काळी, विलायतेतील श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जी नक्षीदार कुलपी पेटी असे, ती आमचा विषय आहे.

त्या पेटीस इंग्रजीत कॅडी म्हणतात. हा शब्द इंग्रजांचा नव्हे. मलाया व चीन या बाजूस कटी नावाचे एक वजन चाले. ते आजच्या मापाने सुमारे ६०० ग्रॅम भरते. चहा त्या वजनाने विकला जाई, म्हणून चहाच्या डब्यासच ते नाव चिकटले. आपल्याकडे शेरभर धान्य मावणाऱ्या मापास शेर म्हणतात, तद्वतच हे झाले. पेटीस कुलूप असण्याचे कारण उघड आहे. अठराव्या शतकात विलायतेत चहावर इतका जबर कर होता की इ. स. १७८४ मध्ये पंतप्रधान पिट यांनी तो कमी केला तेव्हा तो शेकडा ११९ वरून शेकडा साडेबारावर आला. मूळ किमतीहूनही कर अधिक, अशी ती वस्तू स्वयंपाकघरात नोकरांच्या हाती कोण ठेवील? घरची यजमानीण किल्ली कमरेला लावी, पाहुण्यांसमोर पेटी उघडी आणि चमच्याने मोजून चहा काढी. पेटीत बहुधा दोन कप्पे असत, एक हिरव्या चहाचा व दुसरा काळ्या चहाचा. मोठ्या पेटीत मधोमध काचेचा वाडगा असे. कप्प्यांस आतून शिसे व कथिल यांच्या मऊ पत्र्याचे अस्तर लावीत. कारण चहा हवेतील दमट आणि शेजारचा वास दोन्ही ओढून घेतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला म्हणजे काय होते हे मुळशीकरांस सांगावयास नको.

याच पेट्यांच्या संदर्भात एका शब्दाची गंमत सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. इंग्रज येथून जे शब्द घेऊन गेले त्यांत तिपाई हा एक होता. तीन पायांची ती तिपाई. आपण मराठीत तिवई म्हणतो तीच. इंग्रजांच्या कानाला त्या शब्दाचा पहिला भाग टी, म्हणजे चहा, असा वाटला. मग त्यांनी शब्दाचे लेखनही तसेच केले, आणि पुढे तर चहाची पेटीच उंच पायावर बसवून त्या संपूर्ण वस्तूस टीपॉय म्हणू लागले. तिपाई विलायतेस गेली आणि टीपॉय होऊन परत आली. आज आपल्या घरोघरी सोफ्यापुढे जे चार पायांचे बुटके मेज असते त्यासही आपण टीपॉय म्हणतो आणि शब्द इंग्रजी आहे असे समजतो. तीन पायांचा शब्द चार पायांच्या वस्तूस लावताना ना इंग्रजास काही वाटले, ना आपणांस.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या पेट्या नाना तऱ्हांनी सजविलेल्या असत. कोणी कासवाच्या पाठीचे पत्रे लावी, कोणी शिंपल्याचे तुकडे बसवी, कोणी रंगीत लाकडाची जडणी करी. त्यांपैकी एका तऱ्हेस पेनवर्क म्हणतात. आम्ही त्यास लेखणीकाम म्हणू. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही कला विलायतेत दिसू लागली आणि पुढील तीस-चाळीस वर्षे तिचा फार बोलबाला होता. तिची रीत अशी. पेटीचा दर्शनी भाग पांढुरक्या, दाट पोताच्या लाकडाचा घ्यावयाचा. सिकॅमोर किंवा हॉली ही तिकडची झाडे त्यासाठी पसंत करीत. तो पृष्ठभाग घासून अगदी गुळगुळीत करावयाचा. त्यावर पेन्सिलीने वेली, पाने, पक्षी, माणसे यांच्या आकृती आखून घ्यावयाच्या. नंतर आकृती तशाच कोऱ्या ठेवून भोवतालची सारी भूमी काळ्या रंगाने भरावयाची. म्हणजे काळ्यावर पांढरे चित्र उमटते. प्रत्यक्षात ते पांढरे म्हणजे लाकडाचाच अंगचा रंग असतो. इतके झाल्यावर बारीक टोकाची लेखणी आणि काळी शाई घेऊन पानांच्या शिरा, पिसांच्या रेघा, वस्त्राच्या चुण्या, चेहऱ्यावरील छाया हे सर्व रेघेरेघेने भरावयाचे. शेवटी रोगणाचे हात एकावर एक देऊन चित्र कायमचे बंद करावयाचे.

रेघ चुकली तर खोडता येत नाही. चूक खरवडून काढावी तर लाकडाचा पोत उठतो आणि त्यावर शाई फुटते. ज्यांनी पाटीवर न लिहिता प्रथमपासून कागदावर टाकाने लिहिले असेल त्यांस या संकटाची थोडीफार कल्पना येईल.

ही कला व्यावसायिक कारागीर करीतच, पण खानदानी घरांतील स्त्रियाही फावल्या वेळात करीत. त्यांच्यासाठी केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स या गावचे कारागीर कोऱ्या पांढऱ्या पेट्या बनवून विकीत. लंडनमधील अॅकरमन या व्यापाऱ्याच्या दुकानात रंग, पेट्या आणि नमुने मिळत, आणि त्याने इ. स. १८०९ पासून वीस वर्षे जे मासिक चालविले त्यात अशा हस्तकलेचे नमुनेही छापले जात. म्हणजे आज जी पेटी अमुक बाईंच्या हातची म्हणून वाखाणली जाते, तिचा प्रत्यक्ष सांगाडा कोणा सुताराने आधीच बांधून दिलेला होता. त्या सुताराचे नाव बहुधा कोठेच आढळत नाही. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. झाकण जर केसभरही वाकले असते, कोपऱ्याचा सांधा जर उकलला असता, तर त्यावरील मोर आणि वेली आज कोणी पाहिल्या असत्या काय? शेपटीसारखी पसरट चूळ कापून एकमेकींत अडकविलेल्या चार फळ्या दोनशे वर्षे टिकल्या, म्हणून चित्र टिकले.

पण या काळ्या-पांढऱ्या कामाची मूळ कल्पना तरी कोठून आली? येथे आपल्या समाजाचा संबंध येतो. आंध्रच्या किनाऱ्यावरील विशाखापट्टण, ज्यास इंग्रज विझागापट्टम म्हणत, तेथे अठराव्या शतकात हस्तिदंती कामाची मोठी पेठ होती. चंदन, साग किंवा शिसवी लाकडाच्या पेटीवर हस्तिदंताचे पातळ पत्रे बसवावयाचे, त्यांवर बारीक टोकाने फुलेवेली कोरावयाच्या आणि कोरलेल्या रेघांत काळी लाख भरावयाची, अशी ती रीत. पांढऱ्यावर काळी रेघ आणि भोवती गडद लाकूड. या पेट्या, लिहिण्याची मेजे आणि चहाच्या कॅड्या कंपनीच्या साहेबांनी जहाजे भरून घरी नेल्या. हस्तिदंत महाग आणि असे कोरणारा हात तर विलायतेत दुर्मिळच. म्हणून तिकडच्या लोकांनी पांढऱ्या लाकडास हस्तिदंत मानले आणि लाखेच्या जागी शाई योजली, असे जाणकार मानतात. चिनी चित्रांची त्या वेळची आवडही या कामात मिसळली, हे खरे. परंतु काळ्या भूमीवर पांढरी वेल उठविण्याची ही ढब मुख्यतः आपल्या देशाची, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

आणि विशाखापट्टणचे हे कारागीर कोण होते? ते कामसाली होते. आंध्रातील विश्वकर्मा परंपरेतील ही ज्ञाती. सोने, लाकूड, लोखंड, कासे आणि दगड या पाचही कामांस एका कुळातील मानणारी. आपल्याकडील पांचाळांची समजूत हीच आहे. त्यांची भाषा तेलुगू, आपली मराठी; तरीही पोटापाण्याच्या शास्त्राने ते आपले भाऊबंद ठरतात. लंडनच्या दिवाणखान्यातील बाई टाक बुडवून ज्या रेघेची नक्कल करीत होती, ती रेघ मूळ एका कामसाल्याच्या सळईने ओढलेली होती. मात्र अभिमानाच्या भरात आम्ही वाटेल ते लिहिणार नाही. लेखणीकामाची चहापेटी महाराष्ट्रात होत असे, असा पुरावा आमच्या पाहण्यात नाही. आपल्याकडे तिच्या बहिणी झाल्या.

पहिली बहीण मुंबईची. हस्तिदंत, शिंग, चंदन, कथिल यांच्या बारीक काड्या जुळवून त्यांचा गठ्ठा चिकटवावयाचा, मग काकडीच्या चकत्या कराव्यात तशा त्याच्या पातळ चकत्या करवतीने काढून पेटीवर बसवावयाच्या. प्रत्येक चकतीत तेच चांदणीचे नक्षीकाम. यास सदेली काम म्हणत आणि विलायतेत त्याचे नावच मुंबई पेटी असे पडले होते. जॉर्ज बर्डवुड यांनी इ. स. १८८० मध्ये हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हे काम इराणातील शिराझहून सिंधमार्गे इकडे आल्याचे नमूद आहे. सुरत व मुंबई येथे ते विशेषतः पारशी कारागिरांच्या हाती वाढले.

दुसरी बहीण सावंतवाडीची, आणि ती आम्हांस अधिक जवळची वाटते. तेथील चितारी मंडळी लाकडी पाट, देव्हारे, पेट्या आणि गंजिफा यांवर रंग व लाख यांचे काम करीत. गंजिफेसाठी कापडास चिंचोक्याची खळ व खडूची पूड देऊन, दगडाने घोटून, त्यावर बारीक कुंचल्याने दशावतार काढीत. पेटीवर याच हाताने वेलबुट्टी उतरे. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ विझली होती. सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि इ. स. १९७१ मध्ये राजवाड्यातच कारखाना उघडून तरुणांस शिकविण्याची व्यवस्था केली. राणीसाहेब इ. स. २०१८ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या पश्चात इ. स. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेस व लाकडी कामास भौगोलिक मानांकन मिळाले. राजघराण्याने मनावर घेतले म्हणून कला वाचली. प्रत्येक कलेच्या नशिबी राजवाडा नसतो.

पुणे प्रांतात चहाची पेटी का झाली नाही याचे उत्तर सोपे आहे. आपल्याकडे चहाच नव्हता. इ. स. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला आणि तो घेतल्यावरून टिळक, रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले, ही कथा शाळेत सर्वांनी वाचली आहे. जेथे चहाचा पेला ओठास लावल्याने प्रायश्चित्ताची पाळी येई, तेथे चहासाठी नक्षीदार पेटी कोण करून घेणार? आपली नक्षी पानाच्या डब्यावर गेली, कलमदानावर गेली, देव्हाऱ्यावर आणि मुलीच्या सासरी पाठवावयाच्या पेटीवर गेली. पुण्यातील राजा केळकर संग्रहालयात ही दुनिया पाहावयास मिळते. दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या नावाने हा संग्रह उभारला आणि इ. स. १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दौती, दिवे, दरवाजे, पेट्या. सामान्य घरांतील वस्तूंना इतक्या आदराने मांडलेले आम्ही अन्यत्र पाहिले नाही. मुलाबाळांना घेऊन जावे, आणि वस्तूची नक्षी पाहून झाली की तिचे कोपरेही पाहावेत.

आमच्या मुळशीपुरते बोलावयाचे तर येथे नक्षीही बेताचीच. ताम्हिणीपासून पौडापर्यंत जुन्या घरांत आम्हांस जे हडपे व पेटारे दिसले ते जाड फळ्यांचे, लोखंडी पट्ट्यांचे, आंबेमोहोर भात आणि लुगडी एकाच वेळी सांभाळणारे. साग असेल तर उत्तम, नाही तर ऐन, जांभूळ, फणस, जे मिळेल ते. मात्र लेखणीकामासाठी लागणारी एक वस्तू आमच्या डोंगरांत विपुल होती, आणि ती म्हणजे हिरडा. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळी शाई होते. दिव्याच्या काजळीत डिंक खलून होणारी शाई तर घरोघर करीत. इंग्रज लोक लेखणीकामासाठी अशीच काजळीची शाई वापरीत आणि तिला इंडिया इंक म्हणत. वस्तुतः ती चीनची. आमच्या हिरड्याचे मात्र त्यांनी कधी कौतुक केले नाही. कातडी कमावण्यासाठी तो पोत्यांनी नेला, इतकेच.

याच खोऱ्यातील सुतारांच्या बाबतीत एक गोष्ट येथे नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. इ. स. १९२१ च्या रामनवमीस मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि खोऱ्यातील मावळे तीन वर्षे झगडले. तरीही धरण झाले आणि निळा-मुळेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. जमिनीच्या मोबदल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कुळाचे गेले आणि सावकारास मिळाले, हेही लिहिले गेले आहे. परंतु सुताराचा हक्क जमिनीवर नसे. तो खळ्यावरील पेंढीवर असे. नांगर, कुळव, दाराची चौकट, पाळणा आणि शेवटी तिरडीचे बांबू, या साऱ्याचे बलुते. गाव बुडाले म्हणजे खळे बुडाले आणि खळ्याबरोबर बलुतेही बुडाले; जमिनीच्या कागदावर ते चढलेलेच नसल्यामुळे मोबदला मागावयाचा कशाच्या आधारावर? विलायतेतील पेटीवर सुताराचे नाव नाही, आणि आपल्या खोऱ्याच्या कागदपत्रांतही नाही.

आता हल्लीची स्थिती. जुनी घरे पाडून नवी बांधली जात आहेत, आणि पहिली वस्तू बाहेर पडते ती पेटी. आमच्या आप्तांपैकी एका घरचा शिसवी पेटारा एका भंगारवाल्याने वजनावर नेला. पुढे तो कोठे गेला याचा पत्ता लागला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी फेरी मारली तर खोऱ्याखोऱ्यांतील अशा वस्तूंची झाकणे वेगळी आणि बूड वेगळे झालेले दिसते. विकणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. कर्ज, लग्न, औषधपाणी यांपुढे पेटारा टिकत नाही. परंतु विकण्यापूर्वी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाने परदेशी पाठविण्यास इ. स. १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. आणि पेटीत हस्तिदंत असेल तर तिचा व्यापार चालत नाही, इ. स. १९८६ मध्ये देशी आणि इ. स. १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही आपल्या कायद्याने बंद झाला.

जे ठेवणार आहेत त्यांनी पेटीस तैलरंग फासू नये, आणि जुने रोगण सोड्याने धुऊ नये. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. पेटी भिंतीस टेकवून न ठेवता मध्ये चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे पावसाळ्यात ओल चढत नाही आणि वाळवीची माती वेळीच दिसते. झाकण उघडून आतील कडेवर, तसेच पेटी आडवी करून बुडाच्या फळीवर, पटाशीने घातलेल्या लहान खाचा दिसतात काय, ते पाहावे. कोणती फळी कोणत्या फळीस जुळते हे ध्यानी राहावे म्हणून सुतार एक, दोन, तीन अशा खाचा घालीत असे. ज्या घरी अशा खुणा असलेली पेटी असेल त्यांनी तिची लांबी, रुंदी, उंची, लाकडाची जात आणि ती कोणत्या गावी, कोणाच्या हातची समजली जाते, एवढा मजकूर एका पोस्टकार्डावर लिहून मंडळाकडे पाठवावा. पुढील वर्षीच्या अंकात आम्ही त्याची यादी छापू, आणि जेथे कारागिराचे नाव कळले असेल तेथे ते प्रथम घालू.